गच्चीवरचा भार

माझं काम मोजणीचं. जमीन मोजणी कार्यालयात तेहेतीस वर्षं मी लोकांच्या जमिनी मोजत आलो आहे. भांडणाऱ्या दोन भावांच्या मधून फीत धरून चाललो आहे, आणि कोणाचं कुंपण कोणाच्या हद्दीत किती वीत शिरलं आहे हे सांगताना माझा आवाज कधी कापला नाही. त्यामुळे वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी कार्यालयाच्या डॉक्टरांनी माझ्याच पोटाभोवती फीत गुंडाळली आणि मान हलवली, तेव्हा मला पहिला संशय फितीचा आला.

"कापडी फीत ताणली जाते. आमच्याकडे पोलादी असते," मी म्हणालो.

"पोलादी आणली तर आकडा वाढेल," डॉक्टर शांतपणे म्हणाले.

त्यांच्या भिंतीवर एक रंगीत तक्ता होता. खाली वजन, बाजूला उंची. हिरवा पट्टा चांगल्या लोकांचा, मग पिवळा, मग नारिंगी, मग लाल. माझ्या उंचीला अडुसष्ट किलो शोभतात असं तक्त्याचं मत होतं. काट्याने एकोणऐंशी दाखवले होते. म्हणजे मी भर नारिंगीत उभा. त्यातून खुर्चीवरून हात न टेकता उठायला सांगितलं, तर दुसऱ्या प्रयत्नाला उठलो आणि उठताना तोंडातून एक आवाज निघाला. तोही त्यांनी लिहून घेतला असावा.

आमच्याकडे पंचावन्न ओलांडलेल्या माणसाला बाहेरच्या कामासाठी दरवर्षी तंदुरुस्तीचा दाखला लागतो. तो नसेल तर आवक-जावक विभागात बसवतात. तिथे दिवसभर आलेल्या पाकिटांवर शिक्का मारायचा आणि गेलेल्या पाकिटांवर दुसरा शिक्का मारायचा. उन्हात उभं राहून हद्दीचे दगड शोधणाऱ्या माणसाला ही शिक्षा काय आहे हे ज्याने दगड शोधलेत त्यालाच कळेल. डॉक्टरांनी तीन महिन्यांची मुदत दिली. "आणि एकट्याने व्यायाम करू नका," ते म्हणाले. "एकट्याचा व्यायाम टिकत नाही. चार माणसं जमवा."

माझी चूक एवढीच, की मी चारावर थांबलो नाही.

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती बालवाडीत शिकवते. बांधा पहिल्यापासून भरलेला. त्या वेळी ती खाली बसून रंगीत कागदाचे मासे कापत होती. तिने ऐकून घेतलं, मांडीवरचे मासे झटकले आणि "बरं झालं कुणीतरी सांगितलं" एवढंच म्हणून उभी राहिली. ती हात न टेकता उठली, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही. माणूस तेहेतीस वर्षं दुसऱ्यांच्या हद्दी पाहत असला की घरातलं दिसत नाही.

आमच्या इमारतीत बातमी जिन्याने चढते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुधाची पिशवी घेऊन वर येत होतो, तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरच्या बँकवाल्यांनी मला खाली जिन्यापाशीच अडवलं. बँकेतून निवृत्त होऊन त्यांना सहा वर्षं झाली. अंगाने इतके किरकोळ की वारा सुटला तर ते कठड्याला धरतात.

"मला बघा," ते म्हणाले. "लग्नातली पँट अजून होते. रहस्य एकच. भूक लागली की पाणी प्यायचं."

"पँट होते, पण पट्ट्याला आतल्या बाजूने भोकं किती पाडलीत तेही सांगा." हे तळमजल्यावरच्या शिवणवाल्या ताई बोलल्या. त्या दारातच मशीन टाकून बसतात, आणि इमारतीतल्या प्रत्येकाच्या कमरेचा इतिहास त्यांना तोंडपाठ आहे. स्वतः चांगल्या ऐसपैस आहेत. "भाऊ, तुम्ही काही ऐकू नका कुणाचं. माणसानं कपडा अंगाला बेतायचा असतो, अंग कपड्याला नाही."

हे त्या दिवशी मी गिऱ्हाईक राखण्यासाठी केलेलं बोलणं समजलो. त्या इमारतीत त्याहून शहाणं कुणी काही बोललं नाही, हे समजायला मला पुढे बराच अपमान सोसावा लागला.

एकंदरीत प्रत्येकाला कुठेतरी काहीतरी होत होतं. कुणाचा गुडघा, कुणाची पाठ, कुणाला जिना चढताना धाप. चार म्हणता म्हणता सोळा नावं झाली. आता एवढी माणसं घरात मावणार नाहीत, म्हणून गच्ची. आणि गच्चीची किल्ली आमच्या सोसायटीच्या सचिवांकडे.

सचिवांना इमारतीत सगळे नियमकाका म्हणतात. माणूस वाईट नाही. फक्त कुठलीही गोष्ट कागदावर आल्याशिवाय घडली यावर त्यांचा विश्वास बसत नाही. त्यांच्या घरी पाहुणा आला तर ते आधी वेळ लिहून घेत असतील असं मला कायम वाटतं. मी अर्ज दिला. त्यांनी तो दोनदा वाचला आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"सोळा माणसं एकदम उड्या मारणार?"

"उड्या नाहीत. हातपाय हलवणार."

"हलता भार म्हणतात त्याला," ते म्हणाले. "गच्चीवर एकूण किती भार येणार ते लेखी द्या. तुम्ही तर मोजणीवाले. तुम्हाला काय अवघड आहे?"

या शेवटच्या वाक्याने माझा घात केला. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मी अंदाजे आकडा टाकून मोकळा झालो असतो. पण मोजणीवाले म्हटल्यावर माझ्यातला तेहेतीस वर्षांचा माणूस जागा झाला. मी घरचा वजनकाटा काखेत मारला आणि दारोदार हिंडलो. लोकांनी काट्यावर चढण्याआधी खिशातल्या किल्ल्या काढल्या, चष्मे काढले. बँकवाल्यांनी मात्र वजन जास्त भरावं म्हणून पायात चपला चढवल्या. शिवणवाल्या ताई काट्यावर उभ्या राहून म्हणाल्या, "एक्याऐंशी लिहा, वरचे ग्रॅम तुम्हाला बक्षीस." बायकोने चहा गाळता गाळता सांगितलं, "ब्याऐंशी. आणि कुणाला सांगत बसू नका."

मी सांगितलं नाही. लिहिलं.

रात्रभर जागून तो तक्ता मी मोत्यासारख्या अक्षरात तयार केला. अनुक्रम, मजला, नाव, वजन आणि शेवटी शेरा. आमच्या खात्यात शेऱ्याचा रकाना नसेल तर तक्ता परत येतो. आता रकाना आखला की तो रिकामा ठेवणं मला जमत नाही. 'जमीन मुरमाड', 'हद्द अस्पष्ट', 'विहीर पडीक' असं लिहायची हाताला सवय. तेव्हा बँकवाल्यांपुढे मी 'किरकोळ' लिहिलं. ताईंपुढे 'स्थूल'. आणि सचिवांना सोपं जावं म्हणून सगळी नावं वजनाच्या उतरत्या क्रमाने लावली, त्यामुळे पहिलं नाव आलं ते माझ्या बायकोचं. तिच्यापुढे मी लिहिलं, 'घटवण्यास भरपूर वाव.' माझ्या नावापुढे मात्र जागा कोरी राहिली. का राहिली ते मलाही सांगता येत नाही. स्वतःची जमीन कुणी मोजत नसतं.

तक्ता सचिवांना दिला. त्यांनी अक्षराचं कौतुक केलं. आणि हरकती मागवण्यासाठी तो आठ दिवस सूचनाफलकावर लावायचा असतो या नियमानुसार संध्याकाळी वॉचमनकडून लावूनही टाकला.

मला हे दुसऱ्या दिवशी दुपारी कार्यालयातून आल्यावर कळलं. फलकापुढे गर्दी होती. मी दिसल्यावर ती बाजूला झाली, पण ही आदराने होणारी वाट नव्हती. बँकवाल्यांनी 'किरकोळ' या शब्दावर लेखी हरकत घेतली होती आणि त्याऐवजी 'सडसडीत' सुचवलं होतं. ताईंनी खडूने 'स्थूल' खोडून शेजारी 'मापात' लिहिलं होतं. माझ्या कोऱ्या जागेत कुणीतरी पेन्सिलने लिहिलं होतं, 'पंचनामा बाकी.'

बायको माझ्याआधी आली होती. तिच्याबरोबर बालवाडीतल्या एका मुलाची आई होती, शिकवणीचं विचारायला आलेली. दोघींनी तो कागद मिळून वाचला होता.

घरात मी चहाची वाट पाहत बसलो. चहा आला. नेहमीसारखाच, बिस्किटांसकट. तिने आदळआपट केली असती तर मला सोपं गेलं असतं.

"वजन सांगितलं त्याचं काही नाही," ती समोर बसून म्हणाली. "ते आहे तेवढं आहे. पण अहो, तो शेरा तुमच्या अक्षरात आहे."

मी खात्यातल्या पद्धतीबद्दल काहीतरी बोललो.

"बावीस वर्षं मी बालवाडीत आहे. दिवसातून चाळीस वेळा खाली बसते, चाळीस वेळा उठते. रडणारं पोर काखेत घेऊन दुसऱ्याला घसरगुंडीवरून उतरवते. अजून एकाही पोराने माझ्यावर शेरा मारलेला नाही." तिने कपबशी उचलली. "तुम्ही जा गच्चीवर. मी येत नाही."

मग तिने मला एकही टोमणा मारला नाही. जेवताना मीठ लागेल का विचारायची, फोन आला तर आणून द्यायची. तीन दिवस घरात इतकी सभ्यता नांदत होती की मला एखाद्या कार्यालयात राहिल्यासारखं वाटू लागलं. परगावच्या मुलीचा फोन आला. तिला सगळं कळलं होतंच. "बाबा, आईला सॉरी म्हणालात का?" तिने विचारलं. मी म्हटलं, योग्य वेळ बघतोय. ती म्हणाली, "ती मोजून काढता येत नाही बाबा."

चौथ्या दिवशी मी फलकाचं काचेचं दार उघडून कागद काढायला गेलो, तर वॉचमन मध्ये आला. लावलेली सूचना काढणं हा गुन्हा असतो, काढायची असेल तर सचिवांकडे अर्ज करावा लागतो. मी अर्ज केला. स्वतःच तयार केलेल्या तक्त्यावर स्वतःच हरकत घेणारा मी सोसायटीच्या इतिहासातला पहिला माणूस, असं सचिवांनी मला सांगितलं आणि रविवारी सकाळी सभा बोलावली.

सभा गाड्या लावायच्या जागेत भरली. प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. बायको आली, पण शेवटच्या रांगेत ताईंशेजारी बसली. सचिवांनी घसा खाकरून आकडे वाचले.

"एकूण भार अकराशे अडतीस किलो. माझ्या मते गच्चीला हजार किलो ठीक. म्हणजे एकशे अडतीस किलो कमी करावे लागतील." त्यांनी कागदावरून बोट फिरवलं. "पहिली दोन नावं वगळली तर प्रश्न मिटतो. वर पंचवीस किलो शिल्लक राहतात."

ते दुष्टपणाने बोलले नाहीत. बेरीज-वजाबाकी केली एवढंच. पण सगळ्या माना शेवटच्या रांगेकडे वळल्या आणि माझ्या बायकोने मांडीवरच्या पिशवीचे बंद सरळ करायला घेतले. ती असं करायला लागली की तिला फार लागलेलं असतं. एकतीस वर्षांत मी हे तीनदा पाहिलं आहे. तिन्ही वेळा कारण दुसरं कुणी होतं.

मी उठलो. हात टेकून उठलो, पण उठलो.

"ही यादी मी केली," मी म्हणालो. "शेरेही माझेच. कुणाच्या अंगावर शेरा मारायचा मला काही अधिकार नव्हता. माझं नाव कमी करा."

सचिवांनी हिशेब केला. "तुमचे एकोणऐंशी गेले. अजून एकोणसाठ उरतात."

बँकवाले उठले. किरकोळ प्रकरणानंतर ते माझ्याशी बोलत नव्हते, तरी उठले. "माझंही नाव काढा. चोपन्न."

"तरी पाच किलो उरतात," सचिव म्हणाले, आणि खरोखर हळहळले.

तेव्हा बायको बोलली. बालवाडीत बोलते त्या आवाजात, म्हणजे कुणावरही आवाज न चढवता मागच्या भिंतीपर्यंत ऐकू जाईल असा.

"काका, गच्चीवर पाण्याची टाकी आहे ना? किती लिटरची?"

"दहा हजार."

"म्हणजे दहा हजार किलो. ते पाणी फॉर्म भरून वर गेलं का?"

मी मान खाली घातली. तेहेतीस वर्षं मोजणी करणाऱ्या माणसाला रोज सकाळी ज्या पाण्याने आंघोळ करतो त्याचं वजन सुचलं नव्हतं.

"टाकी खांबांवर आहे, बाई. शिवाय तो स्थिर भार," सचिव सावरून म्हणाले. "माणसं हलतात."

"आमच्या वयाला किती हलणार?" ताई म्हणाल्या. "आणि गेल्या वर्षी तुमच्या नातवाच्या वाढदिवसाला गच्चीवर साठ माणसं जेवली. जेवून वजनं वाढली ती वेगळी."

लोक हसले. सचिवही हसले, उशिराने, चष्मा पुसत. मग त्यांनी दोन ठराव लिहून घेतले. तक्ता फलकावरून काढावा. आणि गच्चीचा वापर प्रायोगिक तत्त्वावर करू द्यावा. तत्त्व कुठलं का असेना, किल्ली मिळाली.

बायको येणार की नाही हे मी विचारलं नाही. सोमवारी सकाळी मी सतरंजी घेऊन निघालो, तर तीही पायात चपला सरकवत होती. "तुमच्यासाठी नाही येत," तिने जिन्यात स्पष्ट केलं. "ताईंनी बोलावलंय."

ती चार मजले बोलत बोलत चढली. मी तिसऱ्यावर एका कुंडीची पाहणी करायला थांबलो.

म्होरक्या मीच होतो. मी शिट्टी आणली होती. पायाचे अंगठे धरायला सांगितले आणि स्वतः वाकलो, तर माझी बोटं नडगीपाशी थबकली, हद्द ओलांडायला कुणी मनाई केल्यासारखी. शेजारी ताईंनी सहज वाकून दोन्ही तळवे जमिनीला टेकवले आणि पडलेली एक टाचणीही उचलली. बँकवाले एका पायावर उभे राहायला गेले आणि टाकीच्या पाइपाला बिलगले. मी सगळ्यांना खाली बसायला सांगितलं. बसणं जमलं. दहा मिनिटांनी उठायची वेळ आली, तेव्हा मी मात्र बसलेलाच राहिलो. पुढे रेललो, मागे रेललो, शेवटी एका कुशीवर कलंडून आकाशाकडे पाहत राहिलो. पंधरा माणसं माझ्याभोवती उभी. शिट्टी तोंडातच होती, त्यामुळे प्रत्येक श्वासाला वाजत होती.

बायकोने ती आधी काढून घेतली. मग माझ्याजवळ खाली बसली.

"घाई नाही," ती म्हणाली. "आधी पूर्ण कुशीवर वळा. हां. आता वरचा हात समोर टेका. गुडघे पोटाशी. आता एक पाय पुढे. त्या पायावर भार द्या."

"तो शेरा," मी जमिनीशी तोंड असतानाच म्हणालो, "चुकला माझा. फार चुकला."

"आधी उठा. मग बोला."

मी उठलो. कुणाच्या हाताला न धरता उठलो. तिने माझ्या खांद्यावरची धूळ झटकली, चांगली दोन-तीनदा, आणि शिट्टी स्वतःच्या पिशवीत टाकली. त्या दिवसापासून गच्ची तिच्याकडे गेली. तिने उड्या नाहीत, आकडे नाहीत असं ठरवलं. खाली बसायचं आणि उठायचं. भिंतीला धरून एका पायावर उभं राहायचं. उंचावरचं काही काढावं तसे हात वर न्यायचे. "म्हातारपणी पैलवानाशी कुस्ती नसते, मोरीशी आणि जिन्याशी असते," ती म्हणाली. ज्या दिवशी ताईंना गुडघ्यामुळे खाली बसवत नसे, त्या दिवशी त्या खुर्चीवर बसून करत. बँकवाल्यांना तिने भूक लागली की पाणी प्यायचं सोडून जेवायला लावलं. दोन महिन्यांत त्यांनी पट्ट्याचं एक भोक परत मिळवलं, आणि ते सगळ्यांना दाखवत सुटले. नियमकाका आधी भार बघायला म्हणून येत, दाराशी उभे राहून माणसं मोजत. तिसऱ्या आठवड्यात ते रांगेत दिसू लागले. स्वतःला त्यांनी निरीक्षक म्हणून धरलं होतं.

तीन महिने भरले. डॉक्टरांच्या काट्यावर मी चढलो. सत्त्याहत्तर पूर्णांक आठ. भिंतीवरच्या तक्त्यात मी अजून नारिंगीतच. आवक-जावक विभागाचे दोन्ही शिक्के माझ्या डोळ्यांपुढे उभे राहिले.

डॉक्टरांनी रक्तदाब घेतला. नाडी पाहिली. एका पायावर उभं केलं आणि घड्याळाकडे पाहत बसले, इतका वेळ की मला वाटलं विसरले. मग म्हणाले, "खाली बसा बघू जमिनीवर. आता उठा."

मी कुशीवर वळलो नाही. सरळ उठलो. तोंडातून आवाज आला नाही.

"वजन फारसं हललं नाही," ते लिहिता लिहिता म्हणाले, "पण तुम्ही हलायला लागलात." आणि दाखल्यावर सही केली. मी तक्त्याबद्दल विचारलं. तो अंदाजापुरता असतो, ते म्हणाले, त्यात माणसाचा बांधा, त्याचं काम, त्याचे आईबाप काही धरलेले नसतात. हे तीन महिन्यांपूर्वी सांगितलं असतं तर माझा किती अपमान वाचला असता. पण डॉक्टरांशी वाद घालणारा माणूस पुन्हा काट्यावर चढतो, म्हणून मी दाखला घडी करून खिशात ठेवला.

बायकोला दाखवला. तिने तो वाचला, पाठीमागचा कोरा भागही पाहिला आणि परत दिला. "शेरा नाही कुठे," ती म्हणाली. मग हसली. त्या हसण्याची मी तीन महिने वाट पाहत होतो, हे मला ती हसल्यावर कळलं.

परवाच्या सकाळची गोष्ट. आम्ही नुकतेच हात वर नेले होते, तेवढ्यात गच्चीच्या दारात एक मुलगी येऊन उभी राहिली. तिशीच्या आसपासची, शेजारच्या इमारतीतली. अंगाने बरीच मोठी. दाराची चौकट धरून आत यावं की जावं अशी घुटमळत होती.

"बाहेरच्यांना चालतं का?" तिने विचारलं. आणि आम्ही काही बोलायच्या आत, "माझं वजन जरा..."

नियमकाकांनी सवयीने खिशातून पेन काढलं. "एक अर्ज," त्यांनी सुरुवात केली. बायकोने त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. "तोंडी चालेल," ते म्हणाले आणि पेन खिशात गेलं.

"गुडघे दुखतात का गं?" बायकोने तिला विचारलं.

"डावा. जिना उतरताना."

"माझाही डावाच. ये, माझ्या शेजारी उभी राहा."

बायकोच्या शेजारी त्या वेळी मी उभा होतो. मी माझी सतरंजी उचलली आणि चार हात पलीकडे नेऊन टाकली.